चाकांवरचा संसार : निवृत्त दांपत्याची टास्मानिया-यात्रा

(हीरक महोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



शाळेला साठ वर्षे पूर्ण झाली, याचा एक साधा अर्थ असा की पहिल्या तुकड्यांतील विद्यार्थी आता सेवानिवृत्त झाले आहेत. महाराष्ट्राबाहेर राहून ज्यांनी मराठीत पाढे पाठ केले, त्यांतील कित्येकांची मुले आज मेलबर्नला किंवा सिडनीला नोकरी करतात आणि आजी-आजोबा नातवंडांसाठी चार-सहा महिने तिकडे जाऊन राहतात. मुक्काम सुखाचा असतो. पण घर मुलाचे, स्वयंपाकघर सुनेचे आणि दिवसाचे वेळापत्रक नातवंडांचे असते. त्या मुक्कामातून पंधरा दिवस बाजूला काढून दोघांनीच मोटरहोममधून टास्मानिया बेट पाहावे, हा या व्याख्यानाचा विषय.

मोटरहोम म्हणजे मागील भागात पलंग, शेगडी, बेसिन, फ्रिज आणि बहुधा शौचालयही बसवलेली गाडी. निवृत्तीनंतर अशा गाड्यांतून देश पाहणारी जोडपी ऑस्ट्रेलियात इतकी आहेत की त्यांना ‘ग्रे नोमॅड्स’, म्हणजे पिकल्या केसांचे भटके, असे नावच पडले आहे. त्यांच्या आवडत्या वाटांपैकी टास्मानिया ही एक. बेटाचे क्षेत्रफळ सुमारे ६८,४०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी. लोकसंख्या सहा लाखांच्या आत. वाहने भारताप्रमाणेच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. लॉन्सेस्टन आणि होबार्ट या दोन मोठ्या शहरांमधील अंतर सुमारे २०० किलोमीटर आहे. डिसेंबर ते मार्च हा काळ तिथे सोयीचा. डिसेंबरात होबार्टचा सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो.

बेटावर पोहोचण्याचे मार्ग दोन. मेलबर्नजवळच्या जिलाँगहून गाडीसह ‘स्पिरिट ऑफ टास्मानिया’ जहाजात बसून बास सामुद्रधुनी ओलांडायची आणि डेव्हनपोर्टला उतरायचे, किंवा विमानाने होबार्टला वा लॉन्सेस्टनला जाऊन तिथे गाडी भाड्याने घ्यायची. कोणत्याही मार्गाने गेले तरी ताजी फळे, भाज्या, रोपे व बियाणे बेटावर नेण्यास बंदी आहे. शेतीला बाहेरची कीड लागू नये म्हणून तपासणी कसून होते. तेव्हा पिशवीतले सफरचंद आधीच खाऊन टाकावे. टास्मानियाची ओळखच ‘सफरचंदांचे बेट’ अशी असल्याने तो तोटा ह्युऑन खोऱ्यात भरून निघतो. तिथे रस्त्याकडेच्या मांडणीवर फळांच्या पिशव्या ठेवलेल्या असतात. विक्रेता नसतो, शेजारच्या डब्यात पैसे टाकून पिशवी घ्यायची असते.

यात्रेचा खरा धडा गाडीच्या आतच मिळतो. पिण्याच्या पाण्याची टाकी ठरावीक मापाची. ती मुक्कामाच्या तळावर नळीने भरावी लागते. भांडी घासण्याचे आणि आंघोळीचे पाणी दुसऱ्या टाकीत साठते. शौचालयाची पेटी वेगळी असते. ती बाहेर काढून ‘डम्प पॉइंट’ म्हणून नेमलेल्या जागीच रिकामी करून धुवावी लागते. विजेची जोडणी तळावर मिळते, आणि तिथून निघताना गॅस बंद करून कपाटांच्या कड्या लावाव्या लागतात. नाहीतर पहिल्याच वळणावर डाळीचा डबा खाली येतो.

ही कामे कोणी करायची, हा प्रश्न पहिल्याच संध्याकाळी उभा राहतो. पस्तीस-चाळीस वर्षांच्या संसारात कामांची वाटणी नकळत पक्की होऊन बसलेली असते. बँक, विमा, गाडी, प्रवासाची तिकिटे त्यांच्याकडे. स्वयंपाक, औषधांच्या वेळा, नातीगोती आणि सणवार तिच्याकडे. नोकरी होती तोवर या वाटणीला कारण होते. निवृत्तीनंतर कारण संपते, वाटणी मात्र तशीच राहते. पाच-सहा पावलांच्या त्या घरात ती टिकत नाही. पाऊस पडत असताना तो पाण्याची नळी जोडायला बाहेर गेला, तर शेगडीवरचा भात तिने पाहायचा. दुसऱ्या दिवशी तिचा गुडघा दुखला, तर भात त्याला यायला हवा.

गाडी मागे घेण्याचे काम तर दोघांवाचून होतच नाही. मागच्या काचेतून काही दिसत नाही. म्हणून एकाने खाली उतरून मागे उभे राहायचे, हातांनी खुणा करायच्या आणि दुसऱ्याने आरशात पाहत सावकाश मागे यायचे. तिथले अनुभवी प्रवासी यासाठी एकच नियम पाळतात. खुणा करणारी व्यक्ती आरशात दिसेनाशी झाली की गाडी जागीच थांबवायची. ‘ती असेलच तिथे’ असे धरून चालायचे नाही. संसारालाही हा नियम लावण्यासारखा आहे.

मार्ग आखताना बेटाची पश्चिम आणि पूर्व बाजू वेगळी समजावी. पश्चिमेकडून येणारे वारे पर्वतांवर अडतात. त्यामुळे त्या बाजूच्या काही भागांत वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर होबार्टमध्ये जेमतेम सहाशे मिलिमीटरच्या आसपास. डेव्हनपोर्टहून दीड तासावर क्रेडल माउंटन आहे. तिथे गाडी अभ्यागत केंद्राशी ठेवून शटल बसने डव्ह सरोवर गाठता येते. सरोवराभोवतीची सुमारे सहा किलोमीटरची पायवाट साठी ओलांडलेल्यांनाही सावकाश जमते. पुढे क्वीन्सटाउनचे उघडे डोंगर लागतात. तांबे वितळवण्यासाठी तिथली झाडे तोडली गेली, गंधकाच्या धुराने उरलेली वनस्पती मारली आणि पावसाने माती वाहून नेली. त्यापुढच्या स्ट्रॅहन गावाजवळून गॉर्डन नदीचे अरण्य सुरू होते. त्या नदीवरच्या प्रस्तावित धरणाविरुद्ध मोठे आंदोलन झाले आणि १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाच्या निकालाने ते धरण थांबले. उजाड डोंगर आणि वाचलेले अरण्य एकाच दिवशी पाहायला मिळतात.

होबार्टच्या माथ्यावर १,२७१ मीटर उंचीचा पर्वत आहे. त्याच्या फलकावर २०१३ पासून दोन नावे आहेत : ‘कुनान्यी’ आणि ‘माउंट वेलिंग्टन’. पहिले नाव बेटाच्या मूळ रहिवाशांच्या भाषेतले. वसाहतीच्या काळात त्या समाजाचा संहार आणि विस्थापन झाले, आणि त्याच्या भाषाही बोलणाऱ्यांवाचून राहिल्या. फॅनी कॉक्रेन स्मिथ या मूळनिवासी स्त्रीच्या आवाजातील १८९९ आणि १९०३ मधील मेणाच्या नळकांड्यांवरची मुद्रणे तेवढी उरली. जुन्या नोंदींतून शब्द गोळा करून त्यांच्या वंशजांनी ‘पलावा कानी’ ही भाषा आता नव्याने उभी केली आहे. घरात मराठी आणि दाराबाहेर दुसरी भाषा असे आयुष्य काढलेल्या प्रवाशांना त्या फलकापुढे थांबावेसे वाटेल.

पोर्ट आर्थर येथे १८३० ते १८७७ या काळात ब्रिटिशांची कैदी वसाहत होती. तिथल्या ‘सेपरेट प्रिझन’मध्ये फटक्यांच्या जागी एकांताची शिक्षा दिली जाई. बोलण्यास बंदी, नावाऐवजी क्रमांक, कोठडीबाहेर पडताना चेहरा झाकलेला, आणि प्रार्थनामंदिरातही प्रत्येक कैद्यासाठी वेगळा कप्पा. भारतीय प्रवाशाला इथे अंदमान आठवते. १८९६ ते १९०६ दरम्यान बांधलेल्या सेल्युलर जेलची रचनाही कैद्याला कैदी दिसू नये अशीच होती, आणि सावरकर बंधूंमुळे मराठी घरांना ती परिचित आहे. माणसाला माणसापासून तोडणे ही सर्वांत जड शिक्षा आहे, हे राज्यकर्त्यांनी दोन्ही बेटांवर ओळखले होते.

आता सावधगिरीच्या गोष्टी. संध्याकाळी वॉलाबी, वॉम्बॅट आणि टास्मानियन डेव्हिल रस्त्यावर येतात, म्हणून अंधार पडण्यापूर्वी मुक्काम गाठावा. पश्चिमेच्या बऱ्याच भागात मोबाइलला संपर्क मिळत नाही. भारतीय पाहुण्यांना तिथली सरकारी आरोग्ययोजना लागू नसते. पूर्वीचे आजार स्पष्ट नमूद केलेला प्रवास विमा हवा. आपत्कालीन क्रमांक ०००. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना भारतातून निघण्यापूर्वी आरटीओकडून घ्यावा आणि दोघांनीही घ्यावा. गाडी ऑटोमॅटिक गिअरची निवडावी, म्हणजे ज्या बाईंचा परवाना वीस वर्षे कपाटात आहे त्यांनाही सरावाने ती चालवता येईल. औषधांची यादी दोघांच्या खिशात असावी. दुसऱ्याच्या गोळ्यांची नावे प्रत्येकाला ठाऊक असावीत.

ही सक्ती कशासाठी? क्वीन्सटाउनच्या घाटात एकाच्या छातीत कळ आली, तर दुसऱ्याला गाडी चालवता आली पाहिजे, हे उघड कारण आहे. दुसरे कारण घराघरांत ठाऊक असते आणि बोलले जात नाही. दोघांपैकी कोणीतरी एक दिवस मागे राहणार आहे. त्या दिवशी बँकेचे पासबुक कुठे आहे हे तिला ठाऊक नसणे, किंवा वरणाला फोडणी कशी द्यायची हे त्याला न येणे, हे दुःखावर ओढवून घेतलेले परावलंबन होय. या विषयावर दिवाणखान्यात बसून बोलणे कठीण जाते. पाण्याची नळी आणि गाडीची किल्ली हाती देताना ते न बोलताही होऊन जाते.

पालकांनी आईवडिलांना या प्रवासाला पाठवताना भीती घालू नये, आणि दर तासाला फोनही करू नये. ज्येष्ठ माजी विद्यार्थ्यांनी तिकिटे काढण्यापूर्वी घरीच एक आठवडा कामांची अदलाबदल करून पाहावी. त्याने पोळ्या लाटाव्यात, तिने विम्याचा हप्ता भरावा. ज्याला जे जमले नाही ते एका कागदावर लिहावे आणि निघण्यापूर्वी शिकून घ्यावे. शिकायला लाजू नये, हे तर याच शाळेने शिकवले आहे.