तीनशे रुपयांत शांघाय, व्हाया पनवेल

कानात इयरफोन आहेत ना? लोकलमध्ये असाल तर आवाज थोडा वाढवा.

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. शांघायचे व्हिडिओ बघतो, तो झगमगाट बघतो, कमी पैशांत असं शहर फिरता येतं का? तर शांघायला स्वस्तात फिरणारे लोक काय करतात ते आधी सांगतो. ते काचेच्या मनोऱ्यावर चढत नाहीत. 'बंड' नावाचा नदीकाठचा रस्ता आहे, तिथे फुकट चालतात. मग हुआंगपू नदी ओलांडणारी साधी फेरीबोट पकडतात. तिकीट २ युआन, म्हणजे आपले साधारण २५ रुपये. दोन्ही काठांवरचं शहर त्या बोटीतूनच दिसतं. खायचं रस्त्यावर, जिथे कामाला जाणारे लोक खातात तिथे.

२००४ च्या सुमारास 'मुंबईचं शांघाय करणार' ही घोषणा फार गाजली होती. ते झालं की नाही, यावर वाद घालत बसूया नको. पण शांघायची ही फिरण्याची पद्धत आपण पनवेलकर उचलू शकतो. विमानाचं तिकीट लागत नाही. माझा हिशेब माणशी तीनशे रुपयांचा आहे.

सकाळी पनवेलहून एसटीने उरण. तिथून मोरा बंदर आणि मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याची बोट. ओहोटीला बोटी थांबतात, म्हणून वेळ आधी विचारून निघा. अटल सेतूवरून कारने गेलात तर एका बाजूचा टोल २५० रुपये, आणि बाईकला तिथे परवानगीच नाही. बोटीत मात्र कोळणी, कामगार, कॉलेजची मुलं अशी सगळी गर्दी असते. घारापुरी दिसते, मोठाली मालवाहू जहाजं दिसतात आणि मुंबई हळूहळू जवळ येते.

धक्क्यावरून बस पकडून सीएसएमटी. १८८८ साली पूर्ण झालेली ही इमारत बघायला तिकीट नाही, समोरच्या फुटपाथवर उभं राहायचं. तिथेच वडापाव खा आणि हुतात्मा चौकातून चालत ओव्हल मैदान गाठा. मैदानाच्या मधोमध उभे राहा. एका हाताला हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर, दुसऱ्या हाताला १९३० च्या दशकातल्या आर्ट डेको इमारती. २०१८ मध्ये युनेस्कोने या दोन्ही रांगांना मिळून जागतिक वारसा म्हटलं.

पुढे ब्रेबॉर्न स्टेडियम लागतं. तिथल्या क्रिकेट क्लबमध्ये १९७५ साली नेल्सन वांग यांनी चिकन मंचुरियन बनवलं, असं सांगतात. म्हणजे आपल्या नाक्यावरच्या गाडीवरचं 'चायनीज' मुंबईचं आहे. शांघायमध्ये मंचुरियन शोधत बसाल तर उपाशी राहाल!

आणि मग मरीन ड्राइव्ह. सूर्य बुडायच्या अर्धा तास आधी पोचा.

मागच्या हिवाळ्यात आईला घेऊन गेलो होतो. पंचवीस वर्षं पनवेलमध्ये राहूनही तिला मुंबई माहीत होती ती फक्त हॉस्पिटलच्या चकरांमुळे. फाइल, रांग, परतीची लोकल. मरीन ड्राइव्हच्या कठड्यापाशी ती उभीच राहिली. हळूच म्हणाली, "इथे बसायचे पैसे नाहीत ना रे?" मी म्हटलं, "नाहीत गं, बस." मग दोन तास उठली नाही. चणे संपले, दिवे लागले, तरी नाही.

तिचा तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. कारण तो बरोबर प्रश्न आहे. समोरचा समुद्र तोच असतो, पण मागच्या हॉटेलात वरच्या मजल्यावर बसलं की कॉफीचे शेकडो रुपये होतात. कठडा सगळ्यांचा आहे, म्हणून आई तिथे बसू शकली. आणि अशा जागा आपोआप टिकत नाहीत. ओव्हल मैदानाची दुर्दशा झाली होती तेव्हा, नव्वदच्या दशकात, आजूबाजूचे रहिवासी कोर्टात गेले, म्हणून ते आज नीट आहे. आपल्याकडेही हाच हिशेब. वडाळे तलावाच्या काठी संध्याकाळी फुकट बसता येतं, ते लोक तिथे जातात, कचरा दिसला तर बोलतात, तोवरच.

परतताना धोबीतलावाला कयानीमध्ये ब्रून मस्का आणि चहा घ्या. १९०४ पासूनचं इराणी हॉटेल आहे. मग सीएसएमटीहून हार्बरची लोकल, तिकीट २० रुपये, सव्वा तास-दीड तासात पनवेल. वाशीच्या खाडीवर दाराशी लटकू नका, खिडकीतूनही तेवढंच छान दिसतं.

आणि एक काम करा. घरात असं कोणी आहे का, ज्याने मुंबई फक्त कामापुरती पाहिली आहे? या रविवारी त्यांना घेऊन जा. भेटू पुढच्या भागात!