वही कोणाच्या हातात?
(धरणगाव मेळाव्यातील भाषण)



बाबुराव पेंटरांनी कोल्हापुरात १९२५ साली ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. जमीन सावकाराच्या घशात, शेतकरी शहरात मजुरीला! १९५३ च्या हिंदी ‘दो बीघा जमीन’मध्येही तेच. शंभूच्या हिशेबाने देणे ६५ रुपये. जमीनदाराची वही म्हणते २३५. कलकत्त्यात रिक्षा ओढूनही जमीन सुटत नाही. मेहनत कमी पडली नाही, हिशेब दुसऱ्याच्या हाती होता.

म्हणून आम्ही सांगतो : कपाशीवर उचल घेताना कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका, पावती मागा. बेकायदा सावकारीत १५ वर्षांच्या आत जमीन गेली असेल, तर २०१४ च्या कायद्याने जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो. खरेदीखत घेऊन या. अर्ज आपण मिळून लिहू.