शिकण्याचे दार कोणाच्या हाती?



अमेरिकेत 1964 साली नागरी हक्क कायदा झाला आणि वर्णावरून काम नाकारणे बेकायदा ठरले. तरीही फिलाडेल्फिया शहरात सरकारी पैशातून ज्या इमारती उभ्या राहत होत्या, त्यांवर लोखंडकाम, नळकाम, पत्राकाम, वीजकाम करणारे जवळजवळ सगळे गोरेच होते. अशा सहा कुशल धंद्यांत अल्पसंख्याक शेकडा 2 सुद्धा नव्हते. कृष्णवर्णीय माणूस बांधकामावर दिसे, पण बहुधा ओझी वाहताना.

असे का? ठेकेदार म्हणे, युनियन पाठवील ती माणसे आम्ही घेतो. युनियन म्हणे, शिकून तयार झालेलीच आम्ही पाठवतो. आणि शिकाऊ कोण? सभासदांचे मुलगे, पुतणे, भाचे! न्यूयॉर्कच्या पत्राकाम कामगारांच्या 28 क्रमांकाच्या युनियनमध्ये तोवर एकही कृष्णवर्णीय सभासद वा शिकाऊ झाला नव्हता, असे राज्याच्या आयोगाला 1964 साली आढळले.

आपल्याला हे नवे नाही. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगार होते. पण जास्त मजुरीच्या विणखात्यात त्यांना मज्जाव होता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, तो म्हणे बाटतो! 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न धसास लावला.

1969 साली अमेरिकेचे सहायक कामगार मंत्री आर्थर फ्लेचर, जे स्वतः कृष्णवर्णीय होते, त्यांनी ‘फिलाडेल्फिया योजना’ पुढे रेटली. सरकारी ठेका हवा, तर अल्पसंख्याक कामगार किती घेणार त्याचे उद्दिष्ट आधी लिहून द्या! ठेकेदार कोर्टात गेले. 1971 मध्ये हरले. न्यूयॉर्कच्या त्या युनियनला मात्र शेकडा 29 चे उद्दिष्ट मान्य करायला लावणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 1986 साली लागला. म्हणजे आयोगानंतर 22 वर्षांनी!

आम्ही बँकेतली माणसे. आम्हांला एक ठाऊक आहे, तोंडी हिशेबाला किंमत नसते. ‘आमच्याकडे भेदभाव नाही’ असे कोणी म्हटले, तर आपण विचारावे : एकूण किती, त्यांत आपले किती, आणि कोणत्या कामावर किती?

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या 1961 च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखीव आहेत, आणि तो कायदा खाजगी कारखान्यांनाही लागू आहे. त्या जागा रिकाम्या राहू देऊ नका. पदवी घ्याच; पण हातात कसब असलेल्या माणसाला कमी लेखू नका. काम नाकारणारा आधी शिकणे नाकारतो. म्हणून आपण पहिला धक्का त्याच दाराला दिला पाहिजे.

जयभीम!