कुंकू किती काळं?



डिजिटल फोटो कृष्णधवल करायचा म्हटलं की बहुतेक जण त्यातला रंग शून्यावर आणतात आणि मोकळे होतात. फोटो करडा होतो, पण फिल्मसारखा दिसत नाही. फिल्म रंग पुसत नव्हती; कोणता रंग किती उजळ, किती गडद, हे ती आपल्या स्वभावाप्रमाणं ठरवत होती.

नऊवारीतल्या एखाद्या आजीचा फोटो डोळ्यांसमोर आणा. कपाळावर ठसठशीत कुंकू. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नसे, म्हणून तर ती लाल दिव्यात धुता येई. तिच्यावर हे कुंकू काळंभोर उमटलं असतं. पुढं पॅनक्रोमॅटिक फिल्मला सगळे रंग दिसू लागले. 1954 साली 35 मिलिमीटरमध्ये आलेली कोडॅकची ट्राय-एक्स त्यातलीच. तरी अशा फिल्मचा निळ्याकडे ओढा आपल्या डोळ्यांपेक्षा जास्त. आकाश फिकट पडे, म्हणून छायाचित्रकार भिंगावर पिवळा फिल्टर चढवत.

डिजिटल फोटोत लाल, हिरवा आणि निळा असे तीन थर, म्हणजे चॅनेल, असतात. नेहमीच्या रूपांतरात त्यांना साधारण 30, 59 आणि 11 टक्के वजन मिळतं. फोटो संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये चॅनेल मिक्सर हे साधन असतं; त्यात हे वजन आपल्या हाती येतं. लाल शून्यावर आणून हिरव्या-निळ्याची बेरीज शंभर केली, की ऑर्थोच्या जवळ जाता येतं. लाल वाढवला तर आकाश गडद होतं, ढग उठून दिसतात. मोह पडतोच. पण आजीचं कुंकू कपाळात विरून जातं, सुरकुत्या बुजतात, सावळी कांती गोरी होते. हे मला मनापासून खटकतं. शेतात राबून रापलेला चेहरा आपण का उजळवायचा? चेहऱ्यासाठी मी हिरव्यावरच भर देतो. निळा जपून वापरावा, कारण त्या थरात बऱ्याचदा खरखर जास्त असते.

मग उजेडाचं पाहा. फिल्मवर प्रखर उजेड सावकाश पांढरा होत जातो, डिजिटलमध्ये तो एकदम तुटतो. तेव्हा छटांच्या आलेखाचं, म्हणजे कर्व्हचं, वरचं टोक थोडं वाकवावं. मात्र पार पांढऱ्या झालेल्या भागात तपशील परत येत नाही, त्यामुळं फोटो काढतानाच एक्स्पोजर किंचित कमी ठेवावं.

ग्रेन, म्हणजे फिल्मसारखे बारीक दाणे, घालायचा सगळ्यात शेवटी, फोटो छपाईच्या आकाराचा करून झाल्यावर. आधी घातला तर आकार बदलताना तोही बदलतो. आणि तो सगळीकडे सारखा शिंपडू नका: मधल्या करड्या छटांत भरपूर, निव्वळ पांढऱ्यात आणि गडद काळ्यात जवळजवळ नाहीच.