छंदांतून सेवा

लोणावळ्याजवळच्या औंढे परिसरांत आषाढश्रावणांत ऊन दुर्मिळच. अशा दिवसांत जाड गोधडी एकदां भिजली कीं लवकर वाळत नाहीं. ही साधी गोष्ट ध्यानांत घेतली म्हणजे हातांतल्या कलेनें सेवा कशी करावी, याचें मर्म उलगडतें.

जुनीं लुगडीं, धोतरें एकावर एक अंथरून, धांवदोरा घालून गोधडी शिवण्याची कला मराठी घरांत परंपरेनें चालत आली आहे. फावल्या दुपारीं ती शिवणाऱ्या गृहिणीला तो विरंगुळा. पण तीच गोधडी आश्रमांतील एखाद्या पोरक्या बालकाला ऊब देऊं शकते. १९०९ सालीं रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांनीं पुण्यांत सेवासदन स्थापिलें. तेथें शिवणकामाचेंहि शिक्षण मिळूं लागलें आणि घरांतील सुईदोऱ्यानें अनेक स्त्रियांना स्वावलंबनाची वाट दाखविली.

परंतु दानांत देणाऱ्याच्या हौसेपेक्षां घेणाऱ्याची गरज मोठी. संस्थेला आधीं विचारावें: मुलें किती, अंथरुणें केवढीं, धुण्यावाळविण्याची सोय कोणती? पावसाळी मुलुखांत अनेक थरांच्या नक्षीदार गोधडीपेक्षां दोन थरांची, सुती, सहज पिळतां येणारी गोधडी अधिक मोलाची. तान्ह्यांच्या पांघरुणावर मणी वा आरसे नसावेत.

आणि जेथें गोधडी नकोच असेल, तेथें आठवड्यांतून एक दुपार बसून मुलांचे फाटलेले गणवेश शिवून द्यावेत. त्या टांक्यांचें कौतुक कोणी करणार नाहीं. मात्र दुसऱ्या दिवशीं एखादें मूल शाळेंत संकोचावांचून जाईल.