आमच्या बँडाचे स्थान



आमच्या बँडातील मंडळींची जुनी तक्रार आहे: “फादर, मिरवणुकीत आम्ही पुढे, मग देवळाच्या दारातच आम्हांस का थांबविता?”

पोप दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, संत सिसिलिया हिच्या सणादिवशी, पवित्र संगीताविषयी फर्मान काढिले. त्यात देवळात बँड वाजविण्यास सक्त मनाई होती. बाहेरील मिरवणुकीत मात्र बिशपांच्या अनुमतीने, ऐहिक गीते वर्ज्य करून, मुभा होती. तोच शिरस्ता आमच्याकडे चालत आला.

ह्यात कमीपणा तो कसला? जो खाटेवरून उठू शकत नाही, त्याच्या कानी ऑर्गन पोहोचत नाही. तुमचा कॉर्नेट पोहोचतो. गतवर्षी वसईच्या भर पावसात एका निराधार विधवेच्या प्रेतयात्रेस पाच जण वाडीतून चिखलपायांनीच आले. सूर जमले नव्हते, हे आम्ही कबूल करितो. दाम मात्र कोणी मागितला नाही.

कित्येक जण लग्नाच्या बँडांकडे वळले. पोट सर्वांस आहे. आम्ही दोष देत नाही. परंतु बुधवारच्या सरावास ट्रॉम्बोन वाजविणारा उरला नाही. वाद्य कपाटात आहे, किल्ली आमच्यापाशी.