एका विकराची दोन रूपं



१९५२ साली न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड हे नवं औषध दिलं जात होतं. औषध फुप्फुसांसाठी, पण खाटेला खिळलेली माणसं हसू-बोलू लागली, चवीनं जेवू लागली, काही तर चक्क नाचली! त्याच वर्षी अल्बर्ट झेलर यांनी कारण दाखवून दिलं. हे औषध मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाच्या विकराला अडवतं.

मेंदूतल्या पेशी सेरोटोनिन, डोपामिन अशा रसायनांतून एकमेकींना निरोप देतात. निरोप पोचला की रसायन पुन्हा पेशीत ओढलं जातं आणि तिथं हे विकर त्याचं विघटन करतं. विकर अडवलं की रसायन साठतं. १९५७मध्ये नेथन क्लाइन यांनी हेच औषध नैराश्याच्या रुग्णांना देऊन पाहिलं, आणि गुण आला. पुढे यकृताला अपाय होतो म्हणून ते मागे पडलं, ते सोडा. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की रसायन काही दिवसांत वाढतं, मन सावरायला मात्र आठवडे लागतात. म्हणजे नुसती रसायनाची पातळी वाढली की माणूस खुलला, इतकं हे सरळ नाही.

याचा पुरावा १९९३मध्ये नेदरलँड्समधून आला. हान ब्रुनर आणि सहकाऱ्यांना एका कुटुंबातले असे पुरुष आढळले, ज्यांच्यात या विकराचा ‘ए’ प्रकार जन्मापासूनच निकामी होता. आधीच्या हिशेबानं ही माणसं सदा आनंदी असायला हवी होती! प्रत्यक्षात ती क्षणात भडकत, अंगावर धावून जात. आग लावण्याचे प्रकारही घडले होते. मोठेपणी विकर अडवणं वेगळं आणि मेंदूची घडण होत असतानाच ते नसणं वेगळं.

वृत्तपत्रांना मात्र हे विकर बनवणाऱ्या जनुकात ‘योद्धा जनुक’ मिळालं. इटलीत त्रिएस्तेच्या न्यायालयानं २००९ साली अशा जनुकांचा दाखला मान्य करून एका खुन्याची शिक्षा वर्षानं कमी केली. मला ही घाई वाटते. हे विकर कमी बनवणारं जनुक कितीतरी पुरुषांत असतं. ते सगळे काही सुरे घेऊन हिंडत नाहीत.

न्यूझीलंडमधल्या डनेडिनच्या मुलांचा जन्मापासून अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी २००२ साली हेच तपासलं. ज्या मुलांत विकर कमी होतं आणि लहानपणी ज्यांचा छळ झाला होता, ती पुढे जास्त हिंसक निघाली. विकर तितकंच कमी, पण घरी छळ नाही, अशी मुलं इतरांपेक्षा वेगळी वागली नाहीत.